साफ केलेलं टेकाड

मे महिन्यात एसी रिपेअरवाल्याने सुट्टी मागायची म्हणजे राजीनामा दिल्यासारखंच आहे. तरी मी मागितली. शेठने विचारलं, "कोणाचं लग्न?" मी बोललो, "लग्न नाही. करवंदं." त्याने फोन कट केला. मी ते हो समजलो.

मी रत्नदीप. विठ्ठलवाडीला राहतो, चाळीत. बॉटनी वगैरे काही शिकलेलो नाही. लोकांच्या गॅलरीत लटकून एसीचं बाहेरचं युनिट साफ करताना भिंतीतून उगवलेलं काय काय दिसायचं, तिथून नाद लागला. फोटो काढायचो, ॲपवर टाकायचो, कोणीतरी नाव सांगायचं. असं करत करत एका ग्रुपमध्ये आलो. ठाण्यापासून कल्याणपर्यंत जिथे जिथे रानफळं आपोआप उगवलीत, कोणी लावलेली नाहीत, ती शोधायची आणि नकाशावर टाकायची, हे ग्रुपचं काम. रेल्वेच्या हद्दीत, नाल्याच्या काठाला, मोहनेला जुन्या कंपनीच्या भिंतीला लागून, कुठेही. पगार नाही. चहासुद्धा आपला आपण.

ग्रुपची बॉस समिधा ताई. ठाण्यात एका शाळेत विज्ञान शिकवते आणि आम्हालाही सातवी ब समजूनच बोलते. "पानाची वरची बाजू टाकलीस, खालची कोण टाकणार, तुझे काका?" तिचा नियम सोपा आहे. जे आहे, जसं आहे, तसं नोंदवायचं. हात लावायचा नाही, तोडायचं नाही, चाखायचं तर अजिबात नाही.

चाखायचं नाही हा नियम दिपेशमुळे आला. दिपेश कोळ्यांच्या घरातला, कोपरला राहतो, ऐरोलीला कॉल सेंटरमध्ये नाईट करतो. मासे त्याला फक्त ताटात ओळखता येतात, असं त्याची काकीच बोलते. ग्रुपमध्ये तो आला तो फळं खायला. आधी फोटो काढ मग खा, एवढं तरी कर, असं सांगून सांगून ताई थकली.

पण टेकाड त्यानेच दाखवलेलं.

कोपरला खाडीकडे त्याचं गाव. गाव म्हणजे आता चारी बाजूंना टॉवर आणि मधे घरं. घरांच्या मागे मुरमाचं एक टेकाड. वर गावदेवीचं छोटं देऊळ, बाकी सगळं काट्याचं रान. करवंद, बोर, भोकर, अळू. अळू म्हणजे वड्यांचं नाही, काट्यांचं झाड असतं, त्याला पिवळट गोल फळ येतं. आणि देवळाच्या मागे तोरण. तोरणाची पांढरी फळं डोंगरात गेलात तर भरपूर मिळतील, पण आमच्या नकाशावर डोंबिवलीत ते एवढं एकच झुडूप. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी ताईला फोटो पाठवला. बराच वेळ काही उत्तर नाही. मग आलं, "पानाची खालची बाजू टाक." म्हणजे ती खूश होती.

त्या टेकाडावर पार्किंग होणार होतं.

टेकाड सपाट करून गाड्या लावायला जागा, देऊळ तेवढं कोपऱ्यात नवीन बांधून देणार, असा प्रस्ताव. टॉवरवाले खूश, गावातले अर्धे लोकही खूश, कारण त्यांनीही गाड्या घेतलेल्या. खूश नव्हती ती सरस्वती काकी. दिपेशची सख्खी काकी. डोंबिवलीच्या बाजारात मासे विकते, महिला मंडळाची अध्यक्ष आहे, आणि तिच्यासमोर दिपेशचे वडीलसुद्धा आवाज खाली ठेवतात. गावदेवीच्या जत्रेला देवीची ओटी टेकाडावरच्याच फळांनी भरायची, बाजारातल्या नाही, ही त्या गावची पद्धत. ओटी ती भरते, तिच्या आधी तिची सासू भरायची.

काकी एकटी पालिकेच्या ऑफिसात जाऊन भांडून आली. तिथे एक साहेब तिला बोलला, "मावशी, काय वाचवताय? नुसती झुडपं, कचरा आणि साप. कधी साफ तरी केलंत का?" हे वाक्य तिच्या डोक्यात बसलं. आम्हाला ते तेव्हा माहीत नव्हतं.

मग समिधा ताईने हरकतीचा अर्ज लिहून दिला आणि सोबत आमच्या सगळ्या नोंदी लावल्या. उत्तर आलं की फोनवरचे फोटो पुरावा म्हणून चालणार नाहीत. पण पालिकेच्या झाडांच्या समितीवरच्या हेमा मॅडम शनिवारी सकाळी जागेवर येऊन पाहणी करतील. मॅडम रिटायर प्रोफेसर, वनस्पतीशास्त्राच्या. ताईला त्या कॉलेजात शिकवायला होत्या. "बाई खडूस आहेत," ताई बोलली, "पण समोर झाड उभं असेल तर लिहितात. आणि त्यांनी लिहिलं की पार्किंगवाल्यांना ते बाजूला टाकता येत नाही."

म्हणजे फक्त झाड उभं पाहिजे होतं. बास.

शनिवारी मी कोपरला उतरलो तेव्हा दिपेश बाईक घेऊन उभा. नाईट करून थेट आलेला, डोळे लाल.

"घरी जाऊन आलास?"

"कुठे रे. तीन दिवस डबल शिफ्ट केलीय. घरी फक्त आंघोळीला जातो. काकीला सांगून ठेवलंय पण, मोठ्या मॅडम येणारेत म्हणून. ती बोलली, तू नको टेन्शन घेऊ, आम्ही बघतो."

टेकाडाच्या पायथ्याशी बाईक लावली. वर चढायला लागलो आणि मला वाटलं आपण दुसरीकडेच आलो. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना चुन्याच्या रेघा. वर गेलो. देवळाला नवीन रंग, पुढे रांगोळी, एक छोटा मांडव, प्लास्टिकच्या खुर्च्या, टेबलावर कोल्ड्रिंकच्या बाटल्या. आणि मांडवाच्या चारी बाजूंना मोकळी जमीन. झाडून, पाणी मारून, बसवलेली. कडेने कुंड्या मांडलेल्या, लालपिवळ्या क्रोटनच्या.

एक काटा नाही.

काकी नवीन साडीत होती, डोक्यात गजरा. मंडळाच्या पाचसहा बायका होत्या. सगळ्या घामाघूम आणि खूश.

"काय रं पोरांनो," काकी बोलली, "हाय का चकाचक? आता बोल म्हनाव त्या सायबाला कचरा."

मी देवळाच्या मागे गेलो. तोरण जिथे होतं तिथे मनगटाएवढं खोड जमिनीपासून चार बोटं वर कापलेलं. सपाट. कोयता चांगला धारेचा असणार.

मागून काकी आली. "त्याच झारानी लय त्रास दिला. माझा हात बग." तिने हात दाखवला. कोपरापर्यंत ओरखडे.

"काकी," मी बोललो, "मॅडम हेच बघायला येतायत."

"काय?"

"हे झाड. करवंदीच्या जाळ्या. अळू. हेच. बाकी काही नाही."

ती हसली. तिला वाटलं मी मस्करी करतोय. मग तिने दिपेशकडे बघितलं. दिपेश मांडवाचा बांबू धरून उभा होता.

"अरे बाबा, मना वाटला जागा बघायला येतान," ती बोलली. "जागा घान दिसली तर परत तेच बोलनार, कचरा, साप. म्हनून तीन दिस आमी..." आणि मग थांबली.

एक बाई मागून बोलली, "मी बोल्लेली ना, करवंदा तरी ठेवू."

"तू गप बस."

मी चिडलो नव्हतो, खरं सांगतो. चिडायला जागाच नव्हती. कोणी पाहुणा येणार म्हटल्यावर माझी आई पण हेच करते. बुद्धविहारात कार्यक्रम असला की आदल्या दिवशी आमची अख्खी चाळ झाडू घेऊन असते. आम्ही अर्ज लिहिला, शास्त्रीय नावं लिहिली, इंग्लिशमध्ये पत्रं पाठवली. पण मॅडम नेमकं काय बघायला येणार, हे काकीला कोणी बसून सांगितलंच नाही. आम्हाला वाटलं तिला माहीतच आहे. तिचंच टेकाड, तिचीच फळं.

"कापलेलं कुठंय?" मी विचारलं.

टेकाडाच्या खाडीकडच्या उतारावर ढीग पडलेला. कचऱ्याची गाडी काटे घेत नाही बोलली, आणि जाळायचं म्हटलं तर टॉवरवाले तक्रार करणार, म्हणून तसाच. करवंदाच्या फांद्यांवर काळी फळं तशीच होती, सुरकुतलेली. तोरणाची पानं मलूल झालेली पण गळली नव्हती.

काकीने ढीग बघितला, मग आमच्याकडे बघितलं.

"किती वाजता येनार तुजी मॅडम?"

"अर्धा पाऊण तास."

"चला गं," तिने बायकांना हाक दिली. "परत रोवू."

दिपेश बोलला, "काकी, अगं झाड आहे ते, छत्री नाही."

"तू खड्डा खन. आगाऊपना नको करू."

आणि त्यांनी सुरुवात केली. पहार आणली, पाणी आणलं. करवंदाची फांदी उचलायची, मुरमात भोक पाडून उभी करायची, दगड लावायचे. काटे लागत होते, शिव्या चालू होत्या. एकीच्या पदरात फांदी अडकली, दुसरी बोलली, "आता हिलाच रोवा, ही पन हिरवी साडी नेसलीय." सगळ्या हसल्या. काकी नाही हसली.

मी काय करत होतो? मी तोरणाची फांदी धरून उभा होतो आणि दिपेश बुंध्याला माती लावत होता. नियम माहीत होता. तरी धरलेली. त्या वेळी एवढंच डोक्यात होतं की दिसलं पाहिजे, उभं दिसलं पाहिजे.

अशा अवस्थेत समिधा ताई आणि हेमा मॅडम वर आल्या.

ताईने आधी कुंड्या बघितल्या. मग मोकळी जमीन. मग मी, तोरणाला मिठी मारून. ताईच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी लिहीत नाही. सातवी ब ने शाळा पेटवली तर कसं होईल, तसं.

हेमा मॅडम बारीक, पांढरे केस, पायात स्पोर्ट शूज. त्या सरळ एका करवंदीपाशी गेल्या, दोन बोटांनी फांदी धरली आणि वर उचलली. फांदी आली हातात. त्यांनी ती खाली ठेवली, व्यवस्थित, जशी होती तशी दगडाला टेकवून.

"कोणी तोडलं?" त्यांनी विचारलं.

खाली रस्त्यावर पाण्याचा टँकर रिव्हर्स घेत होता, त्याचं टीं टीं चालू.

मग दिपेश बोलला, "मॅडम, पार्किंगच्या ठेकेदाराची माणसं असतील. रात्री येऊन कापून गेले. आम्ही सकाळी बघितलं, म्हणून मग हे उभं करत होतो."

मी त्याच्याकडे बघितलं. सॉलिड बोललेला. इतकं फिट बसत होतं की मलाच क्षणभर खरं वाटलं. पाहणीच्या आदल्या रात्री झाडं कापली. मॅडमनी हे लिहिलं असतं तर पार्किंगवाल्यांची वाट लागली असती. पेपरात पण आलं असतं. टेकाड वाचलं असतं. ताईलाही ते कळलं, कारण ती काही बोलली नाही. नियमवाली ताई, आणि खाली बघत उभी राहिली.

मॅडमनी पिशवीतून पेन काढलं. "रात्री? कोणी बघितलं?"

"नाय बघितला कोनी," काकी बोलली. "कारन कोनी आला नाय. मी तोरली."

"काकी—" दिपेश बोलला.

"तू गप. रातची नाय, दिवसाढवल्या तोरली. बुधवार, गुरवार, शुक्रवार. ह्या सगल्या होत्या, पन ह्यांना मीच बोलवली. कोयता माजा."

मॅडम तिच्याकडे बघत राहिल्या. "का तोडलंत?"

"तुमी येनार म्हनून."

मॅडमना कळलं नाही. काकीने हातानेच दाखवलं: मांडव, खुर्च्या, रांगोळी, कोल्ड्रिंक. "तो सायब बोल्ला कचरा हाय. म्हनून तुमाला कचरा दिसू नये."

मॅडम मग एका खुर्चीत बसल्या. एका बाईने लगेच कोल्ड्रिंक पुढे केलं, त्यांनी घेतलं पण. एक घोट पिऊन बोलल्या, "समिधा, मी उभं असेल तेच लिहू शकते. हे तुला माहीत आहे."

"हो मॅडम."

"आणि कोणी तोडलं तेही लिहावं लागेल."

"लिवा," काकी बोलली. "सरस्वती दामाजी कोली लिवा."

तोपर्यंत मी तोरणाची फांदी खाली ठेवलेली. मी बुंध्यापाशी बसलेलो, आणि काही सुचत नव्हतं म्हणून कापलेल्या खोडाची साल नखाने खरवडत होतो. आत हिरवं होतं. ओलं, हिरवं. एसीचा पाइप लीक असला की बोटाला गार लागतं, तसं लागलं.

"मॅडम," मी बोललो, "हे मेलेलं नाहीये."

त्या उठून आल्या. वाकल्या, गुडघ्यावर हात ठेवून. स्वतःच्या नखाने खरवडलं. मग शेजारच्या करवंदीचं खोड. तिथेही हिरवं.

"मुळं काढली नाहीत?" त्यांनी काकीला विचारलं.

"मुला कशाला कारू? वरचाच कारायला कंबर मोरली."

"बरं झालं," मॅडम बोलल्या. मग ताईकडे वळून, एकदम वेगळ्या आवाजात, "बसून काय राहिलात? कुठल्या खोडाची कुठली फांदी, ते लावा बघू. मी सुट्या फांद्या मानणार नाही. खोडाला जुळली पाहिजे."

मग आम्ही तेच केलं. आधी रोवलेलं सगळं उपटलं. मग ढिगातली एकेक फांदी आणून खोडाच्या कापावर ठेवून बघायची. जाडी जुळते का, कोयत्याचा तिरका घाव जुळतो का, सालीवरची रेघ पुढे जाते का. जुळली की फोटो, खोड आणि फांदी एकत्र, मग पान, पानाची खालची बाजू, फळ. मॅडम स्वतः बघायच्या, मान हलवली तरच लिहायच्या. बायकांना हे भराभर जमायला लागलं, कारण कुठली जाळी कोणी तोडली ते त्यांना आठवत होतं. "ही माजी. ही कोपऱ्यातली, हिनीच माजा पदर फारला." काकी उन्हात उभी राहून फांद्या आणून देत होती आणि प्रत्येक वेळी एकच विचारत होती, "हा जिता हाय?"

"हो काकी, जिवंत आहे."

"आनि हा?"

सगळ्या जुळल्या नाहीत. भोकराचं झाड मोठं होतं म्हणून त्याला त्यांनी हातच लावला नव्हता, ते उभं होतं. अळूची दोन खोडं खरवडली तर आत तपकिरी. ती मॅडमनी मेलेली लिहिली. दिपेश बोलला, "मॅडम, थोडं अजून खाली बघा ना, असेल." त्या बोलल्या, "असेल तर येईल ते वर, मी कशाला लिहू?"

तोरणाला शेवटी आलो. फांदी जुळली, अगदी सालीच्या खपलीसकट. फळं होती, सुरकुतलेली, पांढऱ्याची पिवळी पडलेली. मॅडमनी एक तोडलं, बी बघितलं, आणि आमच्या सगळ्यांच्या समोर तोंडात टाकलं. दिपेशने ताईकडे बघितलं. ताई आभाळाकडे बघत होती.

जाताना मॅडमनी लिहिलेलं आम्हाला वाचून दाखवलं. झुडपं स्थानिक रहिवाशांनी सफाईच्या हेतूने तोडली आहेत. मुळं जमिनीत शाबूत असून बहुतेक खोडं जिवंत आहेत. जागा आहे त्या स्थितीत ठेवल्यास पावसानंतर फूट येण्याची शक्यता आहे. शक्यता या शब्दावर मी अडलो. मी विचारलं, "खात्रीने असं नाही का लिहिता येणार?"

"तुम्हाला आहे खात्री?" त्या बोलल्या.

मी पहार उचलली.

खाली उतरताना दिपेश काकीवर धुसफुसत होता. "एक वाक्य बोलली नसतीस तर काम झालं असतं. डायरेक्ट."

"उद्या त्या ठेकेदाराचा पोरगा माज्याकरं पापलेट घ्यायला आला तर मी काय तोंड दाखवू?" काकी बोलली. "आनि देवीम्होर उबं राहून खोटा? तिच्याच दारात?"

दिपेशला नाईटची झोप होती, बाईकवर बसल्या बसल्या त्याचे डोळे मिटायला लागले, म्हणून गाडी मी चालवली.

दहाबारा दिवस काहीच कळलं नाही. मी एसी करत होतो. सीझन संपत आलेला, शेठ बोलायला लागलेला. मग एका संध्याकाळी समिधा ताईचा मेसेज आला. पार्किंगचा निर्णय पुढे ढकललाय. पावसाळ्यानंतर हेमा मॅडम परत येणार. किती खोडं फुटली ते बघणार, आणि मग ठरणार. तोपर्यंत जागेला कोणी हात लावायचा नाही. पार्किंगवाल्यांनीही नाही आणि गावानेही नाही.

यावेळी मी मेसेज पुढे पाठवला नाही. कोपरला गेलो, काकीच्या ओट्यावर बसलो आणि समोरासमोर सांगितलं. दिपेश आत झोपलेला. काकी माशाची टोपली धूत होती.

"म्हंजे वाचला?"

"अजून नाही. पावसानंतर बघणार. फुटलं तर."

"मी पानी घालू?"

"नको काकी."

"शेन? थोरा शेनखत?"

"काहीच नको. रानातलं आहे, त्याला आपलं आपण येऊ दे. घातलं तर मॅडम बोलतील लावलेलं आहे."

"गवत वारेल ना मधी. ते तरी—"

"गवतपण नाही."

तिने टोपली उलटी ठेवली, हात पदराला पुसले. ओरखडे सुकलेले, पण दिसत होते.

"झारू पन नाय मारायचा?"

"देवळाच्या पायरीपर्यंत मारा. त्याच्या पुढे नाही."

"चार महिने?"

"चार महिने."

ती ओट्यावर माझ्या बाजूला बसली. टेकाड तिथून दिसतं, घरांच्या वर, उघडं बोडकं. तिने तिकडे बघितलं.

"अवघर हाय रं," ती बोलली. "तोरायला तीनच दिस लागलं."